हत्ती, झाकण आणि ४८५ पौंड

अमेरिकेत मागच्या अंगणात स्विमिंग पूल असलेलं घर बघायला गेलं की एजंट पूल अगदी कौतुकाने दाखवतो. त्यावरच्या झाकणाबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढत नाही. आमची कन्या साडेतीन वर्षांची, दार उघडं दिसलं की सुसाट! त्यामुळे गेले दोन वीकेंड मी पूल कव्हरचा इतिहास खणत बसलोय.

तर मंडळी, दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत उपनगरं पसरली, काँक्रीट फवारून पूल बांधायचं तंत्र रुळलं आणि पूल मध्यमवर्गाच्या अंगणात आला. कव्हर आलं ते पूल स्वच्छ ठेवायला. हिवाळ्यात पानं पडू नयेत म्हणून वर प्लास्टिकची ताडपत्री, आणि ती उडू नये म्हणून कडेने पाणी भरलेल्या लांबट पिशव्या. पानांसाठी ठीक, पण मूल त्यावर गेलं तर ताडपत्री मुलासकट खाली जाते. शिवाय वर पावसाचं पाणी साचतं, आणि लहान मूल दोन-तीन इंच पाण्यातही बुडू शकतं. उष्णता टिकवायला पाण्यावर तरंगत ठेवतात ती बुडबुड्यांची शीटसुद्धा सुरक्षेच्या कामाची नाही.

मग काँक्रीटमध्ये पितळी अँकर ठोकून, स्प्रिंग आणि पट्ट्यांनी ताणून बसवायची कव्हर्स आली. लूप-लॉक कंपनीने तर जाहिरातीत कव्हरवर चक्क हत्ती उभा केला! पण हत्तीने फक्त वजन सिद्ध होतं. कडेच्या फटीतून मूल आत सरकेल का, हे हत्ती सांगू शकत नाही.

ते सांगायला १९९१ साली 'एएसटीएम एफ १३४६' हे मानक आलं. आठ फुटांपेक्षा रुंद पूलवरच्या कव्हरने ४८५ पौंड, म्हणजे सुमारे २२० किलो, पेलले पाहिजेत. हा आकडा कुठून आला? दोन मोठी माणसं आणि एक मूल. म्हणजे मूल कव्हरवर गेलं, की आई-बाबा दोघंही मागचापुढचा विचार न करता धावणार, हे मानक लिहिणाऱ्यांनी गृहीतच धरलंय. आमच्या भाषेत सांगायचं तर नुसता एरर नाही, एररनंतर माणसं काय करतील तेही टेस्ट केसमध्ये आहे. यात कडेच्या फटीची आणि वर साचणाऱ्या पाण्याची वेगळी चाचणीही आहे.

फ्रान्सने याच्या पुढे जाऊन ३ जानेवारी २००३ ला कायदाच केला. जमिनीत बांधलेल्या खाजगी पूलला कुंपण, अलार्म, कव्हर किंवा बंदिस्त छत यापैकी एक तरी हवंच. नव्या पूलना २००४ पासून आणि जुन्यांना १ जानेवारी २००६ पासून. नाही केलं तर दंड ४५,००० युरोपर्यंत!

आता निवडायचं कसं? पूल आयताकृती असेल तर रुळांवर सरकणारं ऑटोमॅटिक कव्हर उत्तम, कारण ते रोज बंद करता येतं. महाग आहे, आणि वेड्यावाकड्या आकाराच्या पूलवर अवघड. अँकरचं कव्हर स्वस्त, पण ते काढा-घालायला वेळ लागतो, म्हणून ते हिवाळ्यापुरतंच. त्यात जाळीचं घेतलं तर पाणी झिरपून जातं, पण ऊन आत जाऊन वसंतात शेवाळ दिसतं. अखंड कापडाचं घेतलं तर शेवाळ कमी, पण वरचं पाणी काढायला पंप हवा. तो बंद पडला की पुन्हा तेच डबकं. माझं मत जाळीला. शेवाळ घासता येतं.

पण मुद्दा वेगळाच आहे. कव्हर घातलेलं असतं तेव्हाच ते वाचवतं, आणि उन्हाळ्यात ते गॅरेजमध्ये पडलेलं असतं. म्हणूनच अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ आधी कुंपण सांगतात. किमान चार फूट उंच, आपोआप बंद होणारं फाटक, आणि चारही बाजूंनी. घराची भिंत चौथी बाजू म्हणून चालत नाही, कारण मूल बहुतेकदा घरातूनच येतं. कव्हर हा दुसरा थर. आणि आपली नजर? ती दोन्ही असतानाही लागतेच.

असो. घर अजून ठरलेलं नाही. पण ठरलं, तर सोफ्याच्या आधी कुंपण येणार, एवढं घरात एकमताने पास झालंय.