ब्रेक पॅड घरीच बदलले आणि चाक ओरडू लागलं? पॅड फेकण्याआधी हे तपासा

सिलवासा : आमळी, मसाट, राखोली, नरोली या भागांतून रोज हजारो कामगार दुचाकीवर किंवा जुन्या चारचाकीतून कारखान्यात ये-जा करतात. गॅरेजची मजुरी वाचावी म्हणून अनेक जण मोबाइलवर व्हिडिओ पाहून डिस्क ब्रेकचे पॅड घरच्या अंगणातच बदलतात. पॅड शोरूममधून न घेता सिलवासा किंवा वापीच्या बाजारातून घेतले जातात. काम दिसायला सोपं आहे. पण दुसऱ्या दिवशी ब्रेक दाबला की चाकातून ‘चींऽऽ’ असा आवाज येतो आणि मग एकच निष्कर्ष निघतो : ‘माल डुप्लिकेट निघाला.’

कधी कधी ते खरंही असतं. मात्र बऱ्याचदा दोष पॅडपेक्षा बसवण्याच्या पद्धतीत असतो. साफसफाई अर्धवट होते, एखादी पातळ पट्टी जुन्या पॅडबरोबर कचऱ्यात जाते, ग्रीस लावायचं राहतं किंवा नवे पॅड डिस्कवर नीट रुळू दिले जात नाहीत. असे आवाज घरच्या घरी बंद करता येतात. काही आवाज मात्र ब्रेक चुकीचा बसल्याची खूण असतात. तसा ब्रेक घेऊन खानवेल-दुधनीच्या उतारावर किंवा जव्हार-मोखाड्याच्या घाटात जाणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. त्यामुळे आवाजावर उपाय शोधण्याआधी तो आवाज कुठला आहे, हे ओळखणं महत्त्वाचं.

आवाज येतो कशामुळे?

चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅड दाबतात. हा दाब कॅलिपरमधल्या पिस्टनमुळे येतो. दाबताना पॅड डिस्कला सलग पकडत नाही. तो पकडतो, सुटतो, पुन्हा पकडतो आणि हे सेकंदाला हजारो वेळा घडतं. फळ्यावर खडू तिरका लागला की जसा करकरतो, तसाच हा प्रकार. ब्रेकची चिरकी साधारण १ हजार ते १६ हजार हर्ट्झच्या दरम्यान असते, म्हणून ती कानाला इतकी टोचते.

हे थरथरणं पूर्ण थांबवता येत नाही, पण शोषून घेता येतं. पॅडच्या पाठीमागची पातळ पट्टी म्हणजे शिम, पॅड घट्ट धरणाऱ्या क्लिपा आणि योग्य जागी लावलेलं ग्रीस ही त्यासाठीच असतात. त्यातलं एक जरी राहिलं तरी चांगल्या कंपनीचा पॅडसुद्धा ओरडतो.

आधी आवाज ओळखा

• सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखर, नंतर शांत : हा दोष नाही. आपल्याकडे पावसाळ्यात किंवा गाडी धुतल्यानंतर एका रात्रीत डिस्कवर गंजाचा पातळ थर येतो. पॅड तो घासून काढतो आणि आवाज थांबतो.

• हलका ब्रेक दाबला की बारीक चिरकी, जोरात दाबला की बंद : शिम, क्लिप किंवा ग्रीस राहिलं आहे, नाहीतर पॅड अजून डिस्कवर रुळलेले नाहीत.

• ब्रेक न दाबताही सतत चिरकी किंवा घासण्याचा आवाज : पॅड मोकळा सरकत नाही, डिस्कमागचा पातळ पत्रा वाकून डिस्कला लागतोय किंवा पॅड झिजल्याची सूचना देणारी पत्ती चुकीच्या बाजूला बसली आहे.

• ब्रेक दाबताना ‘खर्रर्र’, लोखंडावर लोखंड घासल्यासारखं : मध्ये खडा अडकला असेल किंवा पॅड उलटा बसला असेल. गाडी तिथेच थांबवावी.

• खड्ड्यात किंवा ब्रेक दाबताच ‘खट्’ : क्लिप बसलेली नाही किंवा कॅलिपरचा बोल्ट सैल आहे. तपासल्याशिवाय गाडी पुढे नेऊ नये.

डंपर आणि बांधकामाच्या गाड्या जिथून जातात, त्या रस्त्यांवर बारीक खडी सांडलेली असते. डिस्क आणि तिच्या मागच्या पत्र्यामध्ये एक बारीक खडा अडकला तरी भयंकर आवाज येतो. त्यामुळे चाक खोललं की आधी तिथे टॉर्च मारून पाहावं.

पुन्हा खोलताना

गाडी सपाट जागेवर उभी करून चाकांना उटी लावावी. चारचाकी नुसत्या जॅकवर ठेवून हात घालू नये, खाली स्टँड लावलाच पाहिजे. गाडी चालवून आल्या आल्या डिस्कला हात लावू नये, ती चांगलीच तापलेली असते. एका वेळी एकच बाजू खोलावी म्हणजे दुसरी बाजू नमुना म्हणून समोर राहते. खोलण्याआधी मोबाइलवर दोन-तीन फोटो काढून ठेवावेत. कॅलिपर होजवर लोंबकळत सोडू नये, तारेने बांधून ठेवावा.

कारखान्यात हवेच्या पाइपने धूळ उडवायची अनेकांना सवय असते. ब्रेकच्या बाबतीत ती सवय सोडावी. जुन्या किंवा स्वस्त पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि त्याचे सर्व प्रकार कर्करोगाला कारणीभूत असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केलेलं आहे. तोंडाला मास्क लावून ब्रेक क्लीनरने किंवा ओल्या फडक्याने धूळ पुसावी.

त्यानंतर या क्रमाने पाहावं :

१. पॅडची बाजू : आतला आणि बाहेरचा पॅड बऱ्याच गाड्यांत वेगळा असतो. पॅड २-३ मिलिमीटरवर आला की डिस्कला घासून आवाज करणारी पत्ती काही पॅडना असते. ती जुन्या पॅडवर होती त्याच जागी असली पाहिजे.

२. शिम : नव्या पॅडबरोबर शिम आली नसेल आणि जुनी चांगली असेल तर ती साफ करून बसवता येते. वाकलेली, गंजलेली असेल तर नवी घ्यावी. शिमवर शिम चढवून जाडी वाढवू नये.

३. क्लिपा आणि बसायची जागा : पॅडचे दोन कान ज्या खाचेत सरकतात तिथला गंज तारेच्या ब्रशने काढावा. पॅड हाताने सरकला पाहिजे. हातोडीने ठोकून बसवावा लागत असेल तर काहीतरी चुकलंय. बाजारातल्या पॅडवर कधी कधी रंगाचा थर जाड असतो, तेव्हा फक्त कानावरचा जादा रंग घासून काढावा.

४. सरकत्या पिना : कॅलिपर ज्या दोन पिनांवर पुढे-मागे होतो त्या कोरड्या पडल्या की एकच पॅड काम करतो. एक पॅड जास्त झिजलेला, दुसरा जवळपास नवा किंवा पॅड तिरका झिजलेला दिसला तर संशय पिनांवर घ्यावा. पिना पुसून त्यांना सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावावं. साधं चॅसिसचं ग्रीस वापरलं तर रबराची टोपी फुगते आणि पिन अडकते.

५. ग्रीस : पॅडच्या लोखंडी पाठीवर पिस्टन टेकतो तिथे आणि दोन्ही कानांवर ब्रेकसाठीच्या ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा. शिम चिकटवलेली असेल तर तिच्या आणि पॅडच्या मध्ये ग्रीस घालू नये. घासणाऱ्या बाजूला ग्रीसचा थेंबही लागता कामा नये.

६. डिस्क : नखाला लागतील अशा खोल रेघा किंवा काठावर उभी कड असेल तर नवा सपाट पॅड त्यावर नीट टेकत नाही. डिस्कची कमीत कमी जाडी बहुतेक वेळा डिस्कवरच कोरलेली असते. त्याखाली गेली असेल तर लेथवर घासून आणण्यात अर्थ नाही, डिस्क बदलावी लागते.

दुचाकीत पॅडची पिन आणि पॅडमागची स्प्रिंग पट्टी या दोन गोष्टी हमखास चुकतात. स्प्रिंग उलटी बसली तर पॅड खडखडतो. पिन पूर्ण आवळली नाही तर ती रस्त्यात निघू शकते.

पिस्टन ढकलताना

नवा पॅड जाड असल्यामुळे पिस्टन मागे ढकलावा लागतो. त्या वेळी ब्रेक ऑइल वर चढून टाकीबाहेर सांडू शकतं आणि ते गाडीचा रंग खातं. टाकीवर लक्ष ठेवावं, सांडलं तर लगेच पाण्याने धुवावं. काही गाड्यांत मागच्या चाकाचा पिस्टन फिरवून आत घ्यावा लागतो. तो क्लँपने दाबला तर कॅलिपर खराब होतो. इलेक्ट्रिक हँडब्रेक असलेल्या बहुतेक गाड्यांत मागचे पॅड बदलण्याआधी ब्रेक सर्व्हिस मोडमध्ये टाकावा लागतो, त्यासाठी अनेकदा स्कॅनर लागतो. अशा गाडीचं काम घरी न केलेलं बरं.

सगळं बसवून झालं की गाडी हलवण्याआधी पेडल किंवा लिव्हर कडक होईपर्यंत अनेक वेळा दाबावं. ही एक गोष्ट विसरली तर पहिला ब्रेक रिकामा जातो आणि गाडी समोरच्या भिंतीवर किंवा रस्त्यावर जाते.

पॅड रुळवायला विसरू नका

घरी केलेल्या कामात सर्वांत जास्त दुर्लक्ष इथेच होतं. नव्या पॅडचा पातळ थर डिस्कवर सगळीकडे सारखा बसला की ब्रेक नीट धरतो आणि आवाजही कमी होतो. शिफ्ट सुटायच्या वेळी वापी-सिलवासा रस्त्यावर हे करता येत नाही. पहाटेचा मोकळा, सरळ, कोरडा रस्ता निवडावा. ताशी ५० किलोमीटरवरून साधारण १० पर्यंत मध्यम दाबाने वेग कमी करावा, पूर्ण थांबू नये. मध्ये अर्धा मिनिट गाडी चालू द्यावी. असं आठ-दहा वेळा करून पुढचे काही किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता गाडी चालवावी म्हणजे डिस्क थंड होते. डिस्क गरम असताना पेडल दाबून उभं राहू नये, त्या जागी पॅडचा डाग उमटतो आणि पुढे ब्रेक थरथरतो. पाकिटावर कंपनीने वेगळी पद्धत दिली असेल तर तीच पाळावी. सुरुवातीचे २००-३०० किलोमीटर घाटात भार भरून जाणं टाळावं.

पॅड चकचकीत, काचेसारखा झाला असेल तर त्याच्यावर आणि डिस्कवर १२० नंबरच्या पॉलिश पेपरचा हलका हात फिरवून, पुसून पुन्हा रुळवावा.

तेलाचा जुगाड नको

‘आवाज येतोय ना? थोडं ऑइल मार’, हा सल्ला कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो. डिस्कवर तेल, ग्रीस किंवा गंज काढायचा स्प्रे मारला की आवाज खरंच थांबतो, कारण ब्रेकच धरत नाही. तेल प्यायलेला पॅड पेट्रोलने धुऊन किंवा जाळून पूर्वीसारखा होत नाही. तो फेकून, डिस्क साफ करून त्या ॲक्सलच्या दोन्ही चाकांचे पॅड नवे घ्यावेत.

पॅड घेताना

सगळा दोष बसवण्याचाच असतो असंही नाही. लोखंडी कण जास्त असलेले सेमी-मेटॅलिक पॅड उष्णता चांगली सोसतात, पण मुळातच जास्त आवाज करतात. ऑरगॅनिक पॅड मऊ आणि शांत, पण लवकर झिजतात. सिरॅमिक शांत असतात, धूळ कमी करतात, किंमत मात्र जास्त. रोज सपाट रस्त्यावर कारखाना ते घर एवढीच गाडी असेल तर सेमी-मेटॅलिकचा हट्ट कशाला?

शिम, क्लिपा आणि ग्रीस धरून हिशेब करावा. नुसता पॅड स्वस्त पडला आणि बाकीचं वेगळं घ्यावं लागलं तर बचत उरत नाही. पाकिटावर उत्पादकाचं नाव, बॅच नंबर आणि गाडीचं मॉडेल असावं. बिल घ्यावंच. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. ‘बिल नको, कर वाचेल’ म्हणून वाचवलेले पैसे पॅडचा थर सुटून आला की अंगाशी येतात, कारण बिलाशिवाय खरेदी सिद्ध करणं कठीण जातं. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

इथे थांबा, मिस्त्रीला बोलवा

• पेडल मऊ लागतंय किंवा खाली जातंय
• ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढते
• एकच चाक जास्त तापतंय, जळका वास येतोय
• ब्रेक ऑइल गळतंय किंवा ब्रेक, एबीएसचा दिवा लागलाय
• लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येतोय

यातलं एकही लक्षण असेल तर गाडी चालवत गॅरेजपर्यंत नेऊ नये. मिस्त्रीला जागेवर बोलवावं किंवा गाडी टो करून न्यावी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १९० नुसार धोकादायक स्थितीतली गाडी रस्त्यावर चालवणं हा गुन्हा आहे.

यापैकी काही नसेल आणि नुसती बारीक चिरकी असेल तर वरची तपासणी करून पॅड रुळवावेत आणि २००-३०० किलोमीटर वाट पाहावी. चारचाकीचे नट ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा आवळून घ्यावेत. एवढं करूनही आवाज राहिला तर बिल, पाकीट आणि जुने पॅड घेऊन दुकानात जावं. जुने पॅड तोवर भंगारात देऊ नयेत. शिम कुठली होती आणि झीज कशी झाली, हे त्यांच्यावरूनच कळतं.