पश्चिम किनाऱ्यावरील प्रवासी आगबोटी

मुंबई बंदर हे केंद्र धरून उत्तरेस काठेवाड-कच्छकडे आणि दक्षिणेस कोकण-गोव्याकडे किनाऱ्याच्या कडेने चालणारी वाफेच्या व पुढे डीझेलच्या जहाजांची उतारू वाहतूक. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या वाहतुकीस नियमित स्वरूप आले आणि पुढे सु. शंभर वर्षे ती टिकली. किनाऱ्यालगतचा समुद्रप्रवास आज मुख्यतः सहलीचा प्रकार मानला जातो. परंतु आगबोटींच्या काळात तो किनारपट्टीवरील लोकांचा नित्याचा मार्ग होता. चाकरमानी, व्यापारी, विद्यार्थी, लग्नाची वऱ्हाडे आणि गणपती वा शिमग्यासाठी गावी निघालेली कुटुंबे या बोटींनीच जात-येत. त्यामुळे जहाजांची मालकी कोणाची आणि उतारूंच्या जीविताची जबाबदारी कोणाची, हे दोन प्रश्न या वाहतुकीच्या इतिहासात सतत पुढे आलेले दिसतात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्यांत समुद्रापासून दूर असलेल्या सोलापूरचे वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांचे स्थान मोठे आहे.

किनारा व सागरी मार्ग : डहाणूपासून तेरेखोल नदीच्या मुखापर्यंतचा महाराष्ट्राचा किनारा जुन्या मोजणीनुसार सु. ७२० किमी. लांबीचा आहे. सह्याद्रीचे फाटे अनेक ठिकाणी थेट समुद्रापर्यंत उतरतात. जांभ्या दगडाचे उभे कडे, खडकाळ भूशिरे आणि सावित्री, वासिष्ठी, शास्त्री यांसारख्या नद्यांच्या खोल शिरलेल्या खाड्या यांनी ही पट्टी ठिकठिकाणी तुटलेली आहे. किनाऱ्याने जाणाऱ्या वाटसरूला प्रत्येक खाडीवर तरीसाठी थांबावे लागे आणि दोन खाड्यांच्या मधला डोंगर चढून उतरावा लागे. याउलट शिडाच्या गलबतांना हाच मार्ग तुलनेने सोपा होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याण व चौल या बंदरांचा निर्देश येतो, तसाच या किनाऱ्यावरील चाच्यांचाही येतो.

काठेवाड व कच्छच्या किनाऱ्याचे स्वरूप वेगळे आहे. तेथे कोकणासारख्या आश्रय देणाऱ्या खाड्या कमी असून मांडवी, द्वारका, पोरबंदर, मांगरोळ, वेरावळ ही बंदरे बहुतांशी उघड्या समुद्राला सामोरी आहेत. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात दोन्ही मार्ग धोक्याचे ठरत. शिवाय पावसाळा संपल्यानंतर, आश्विन-कार्तिकाच्या सुमारास, अरबी समुद्रात चक्री वादळे उद्भवतात. याच सुमारास प्रवासाचा हंगाम नव्याने सुरू होत असे. पुढे वर्णिलेल्या तीन दुर्घटनांपैकी दोन नोव्हेंबर महिन्यात घडल्या, हे या दृष्टीने लक्षणीय आहे.

आगबोटींचे आगमन : एकोणिसाव्या शतकात मुंबईत गोदी, गिरण्या आणि रेल्वे यांची वाढ झाली व रत्नागिरी जिल्ह्यातून कामगारांचा ओघ शहराकडे सुरू झाला. या लोकांची ने-आण करण्यासाठी शेफर्ड या इंग्रजी व्यापारी पेढीने किनाऱ्यावर आगबोटी चालविल्या. पुढे बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी या नावाने हा व्यवसाय विस्तारला. मुंबईच्या बाजूस लक्ष्मण हरिश्चंद्र ऊर्फ भाऊ अजिंक्य यांनी बांधलेला भाऊचा धक्का हे उतारूंचे प्रमुख ठिकाण बनले. मुंबईच्या दक्षिणेस खांदेरी बेटावर १८६७ मध्ये दीपगृह उभारण्यात आले. एके काळी आंग्र्यांच्या आरमाराचे ठाणे असलेला हा किल्ला अशा रीतीने खलाशांचा मार्गदर्शक झाला.

दक्षिणेकडील बोट श्रीवर्धन, बाणकोट, हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले यांसारख्या बंदरांपुढे थांबत पणजीकडे जाई. डावीकडे कुलाबा, जंजिरा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग असे जलदुर्ग ओळीने दिसत आणि उतारू त्यांवरून आपले गाव किती दूर राहिले याचा अंदाज करीत. बहुतेक बंदरांत आगबोटीस धक्क्याला लागण्याइतके खोल पाणी नव्हते. ती समुद्रात नांगर टाकून उभी राही आणि किनाऱ्यावरून पडाव येत. हलत्या बोटीच्या शिडीवरून हलत्या पडावात उतरणे हा प्रवासाचा सर्वांत अवघड भाग असे. म्हातारी माणसे, मुले व सामान खलाशी हातोहात उतरवून घेत. दाभोळला उतरलेले उतारू वासिष्ठीच्या खाडीतून लहान होड्यांनी चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत जात. पावसाळ्यात लांब पल्ल्याच्या बोटी बंद राहत व या काळात कोकणातील अनेक गावांचा मुंबईशी संबंध जवळजवळ तुटत असे. मुंबईहून रेवसला जाणाऱ्या जवळच्या पल्ल्याच्या फेऱ्या मात्र पावसाळ्यातही होत.

‘वैतरणा’ : उत्तर कोकणातील नदीचे नाव दिलेली ‘वैतरणा’ ही शेफर्ड पेढीची आगबोट कच्छ-मुंबई मार्गावर चालत असे. तिच्यावर विजेचे दिवे असल्यामुळे काठेवाडात ती ‘वीजळी’ या नावाने प्रसिद्ध होती. ८ नोव्हेंबर १८८८ रोजी ती मांडवीहून निघाली आणि द्वारकेस आणखी उतारू घेऊन पुढे गेली. खवळलेल्या समुद्रामुळे पोरबंदरास ती थांबू शकली नाही. त्यानंतर ती वादळात सापडली आणि नाहीशी झाली. तिच्यावरील ७०० हून अधिक माणसांपैकी कोणीही परत आले नाही. मृतांत वऱ्हाडी मंडळी तसेच मॅट्रिकच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेले विद्यार्थी होते. मुंबई सरकारने नेमलेल्या चौकशीत जहाजावरील जीवरक्षक साधनांचा अपुरेपणा उघड झाला. गुजराती लोकगीतांनी या घटनेची स्मृती जतन केली आहे.

स्वदेशी कंपन्या : किनारी वाहतूक परकीय कंपन्यांच्या हाती असल्याने भाडे, सोयी आणि वागणूक यांबाबत उतारूंना दाद मागण्यास फारशी जागा नव्हती. स्वदेशीच्या चळवळीने या असंतोषाला दिशा दिली. १९०६ मध्ये व्ही. ओ. चिदंबरम् पिळ्ळै यांनी तुतिकोरिन येथे स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन करून कोलंबोपर्यंत जहाजे चालविली. प्रतिस्पर्धी ब्रिटिश कंपनीने भाडे जवळजवळ शून्यावर आणले. १९०८ मध्ये पिळ्ळै यांना राजद्रोहाच्या आरोपावरून कारावास झाला आणि अल्पावधीत त्यांची कंपनी संपुष्टात आली. दरयुद्धाची ही पद्धत, म्हणजे भांडवलाच्या बळावर तोटा सोसून लहान प्रतिस्पर्ध्यास बुडविणे, पुढेही अनेकदा वापरली गेली.

कोकण किनाऱ्यावर याच प्रेरणेतून इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन अँड ट्रेडिंग कंपनी उदयास आली. लोक तिला आपुलकीने ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. किनाऱ्यावरील हिंदू व ख्रिस्ती उतारूंना आपलेपणा वाटावा म्हणून तिने ‘तुकाराम’, ‘रामदास’, ‘सेंट अँथनी’, ‘सेंट झेव्हियर’ अशी संतांची नावे आपल्या बोटींना दिली.

वालचंद हिराचंद व सिंदिया कंपनी : वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे एका जैन व्यापारी कुटुंबात झाला. सोलापूर मुंबईपासून लोहमार्गाने सु. ४५५ किमी. अंतरावर, दख्खनच्या पठारावर वसले आहे. कापसाचा व्यापार, गिरण्या आणि रेल्वे यांनी या शहराची वाढ घडविली. समुद्राशी त्याचा प्रत्यक्ष संबंध नाही. वालचंदांच्या उद्योगाचा आरंभही रेल्वेतून झाला. लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत त्यांनी बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचा ठेका घेतला. कापसाचा आणि धान्याचा व्यापार करणाऱ्यास मालाच्या किमतीत भाड्याचा वाटा किती असतो हे नेमके कळते. जहाजे परक्यांची असतील, तर देशाच्या व्यापाराचे दर परके ठरवितात, ही जाणीव त्यांच्या पुढील कार्याच्या मुळाशी दिसते.

नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद व लल्लुभाई सामळदास यांच्या सहकार्याने त्यांनी १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची स्थापना केली. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून घेतलेले ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाले. या घटनेच्या स्मरणार्थ ५ एप्रिल हा भारतात राष्ट्रीय नौवहन दिन म्हणून पाळण्यात येतो. मात्र ‘लॉयल्टी’ हे जुने जहाज फायदेशीर ठरले नाही व १९२३ मध्ये ते मोडीत काढण्यात आले. यानंतर कंपनीने किनारी मालवाहतुकीकडे लक्ष वळविले. ब्रिटिश कंपन्यांनी तिच्याविरुद्ध दरयुद्ध पुकारले आणि अखेर १९२३ मध्ये दहा वर्षांचा करार झाला. या कराराने सिंदियाचे अस्तित्व मान्य झाले, पण तिच्या विस्तारावर कडक मर्यादा पडल्या. वालचंदांना हा करार जाचक वाटत होता. तथापि बुडण्यापेक्षा मर्यादेत टिकून राहणे भाग होते. किनारी वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवावी, या मागणीचे विधेयक साराभाई नेमचंद हाजी यांनी १९२८ मध्ये केंद्रीय विधिमंडळात मांडले. परंतु परकीय राजवटीत ते तडीस गेले नाही.

नरोत्तम मोरारजींच्या निधनानंतर १९२९ मध्ये वालचंद कंपनीचे अध्यक्ष झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी सिंदियाच्या नियंत्रणाखाली आली. ज्या किनाऱ्यावर शेफर्डच्या बोटी चालत, तेथील मुख्य उतारू मार्ग अशा प्रकारे भारतीय व्यवस्थापनाकडे आले. विशाखापटनम् येथील सिंदियाच्या जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते बसविण्यात आली आणि तेथे बांधलेल्या ‘जलउषा’ या जहाजाचे १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते जलावतरण झाले. स्वातंत्र्यानंतर किनारी वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवण्यात आली व हाजी विधेयकामागील हेतू साध्य झाला.

‘तुकाराम’, ‘जयंती’ व ‘रामदास’ : मालकी बदलली तरी उतारूंच्या सुरक्षिततेचा प्रश्न सुटला नव्हता. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी ‘तुकाराम’ व ‘जयंती’ या दोन बोटी एकाच वादळात बुडाल्या. याहून भीषण दुर्घटना १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्याला एक महिना उरला असता घडली. दिव्यांच्या अवसेच्या सुमारास गावी निघालेले उतारू घेऊन ‘रामदास’ सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. बंदराबाहेर काशाच्या खडकाजवळ पावसाळी वारा व प्रचंड लाटा यांनी ती कलली आणि काही क्षणांत उलटली. सु. ७०० लोकांपैकी ६०० हून अधिक मृत्युमुखी पडले. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नसल्याने मुंबईस ही वार्ता तास न् तास कळली नाही. रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्या वळवून हाती लागतील तेवढी माणसे वर ओढली. वाचलेल्यांपैकी बहुतेकांचे प्राण त्यांच्यामुळे वाचले.

या दुर्घटनांमागील तांत्रिक कारणे परस्परांशी जुळणारी आहेत. उथळ खाड्यांच्या मुखांशी जाता यावे म्हणून किनारी बोटींचा पाण्यात बुडणारा भाग कमी ठेवावा लागे. वरच्या डेकवर गर्दी झाली की भाराचा मध्य वर सरके आणि बोटीची सावरण्याची शक्ती घटे. अशा स्थितीत लाटेच्या तडाख्याने बोट कलली आणि घाबरलेले उतारू एका बाजूस धावले, तर ती पुन्हा सरळ होणे कठीण होई. म्हणून उतारूंच्या संख्येवरील मर्यादा, पावसाळ्यातील बंदी, जीवरक्षक पट्टे व संदेशयंत्र हे नियम केवळ कागदोपत्री महत्त्वाचे नव्हते. ‘वैतरणा’ ही इंग्रजी पेढीची होती, तर ‘रामदास’ भारतीय मालकीची. दोहोंच्या उतारूंची गत एकच झाली. स्वदेशी मालकीने आत्मसन्मान मिळवून दिला, परंतु प्रवाशांचे संरक्षण काटेकोर नियमनावाचून शक्य नव्हते, हाच या घटनांचा निष्कर्ष होय.

उतरती कळा : सिंदियाच्या किनारी उतारू सेवा १९५३ मध्ये स्थापन झालेल्या एका स्वतंत्र कंपनीकडे सोपविण्यात आल्या. त्याच वर्षी ८ एप्रिल रोजी वालचंदांचे निधन झाले. पुढे चौगुले समूहाच्या बोटींनी मुंबई-गोवा मार्ग सांभाळला. ‘कोकण सेवक’ व ‘कोकण शक्ती’ ही नावे एका पिढीच्या चांगली परिचयाची होती. १९७३ मध्ये संसदेने कोकणच्या प्रवासी जहाजांच्या संपादनाचा अधिनियम संमत केला व मोगल लाइन या सरकारी कंपनीने हे काम हाती घेतले. ही कंपनी १९८६ मध्ये भारतीय नौवहन निगमात विलीन झाली. दरम्यान खाड्यांवर पूल झाले होते, राज्य परिवहनाच्या बसगाड्या थेट गावांपर्यंत पोहोचू लागल्या होत्या आणि वर्षातील काही महिने बंद राहणाऱ्या सेवेचा खर्च परवडेनासा झाला होता. नियमित बोटी थांबल्या. १९९८ मध्ये कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाल्याने समुद्रमार्गाची गरजच उरली नाही.

यानंतरचे प्रयत्न निराळ्या स्वरूपाचे आहेत. १९९० नंतरच्या दशकात मुंबई-गोवा मार्गावर जलद कॅटमरान चालली. २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ हे पर्यटकांचे जहाज याच मार्गावर सुरू झाले. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याकडे वाहने व उतारू नेणारी रो-रो सेवा सुरू झाली. ज्या कड्यांकडे व जलदुर्गांकडे पूर्वीचा उतारू आपले बंदर कधी येते म्हणून पाहत असे, त्यांचे सौंदर्य पाहण्यासाठी आता लोक बोटीवर चढतात. प्रवासाचा हेतू बदलला असला, तरी मोसमी वारा, उथळ मुखे आणि कार्तिकातील वादळे पूर्वीसारखीच आहेत. आणि बोटीवर किती माणसे घ्यावीत हा प्रश्न आजही तेवढ्याच महत्त्वाचा आहे.