नव्याने आणलेले पोपटाचे पिल्लू चावते? कारणे आणि हाताळणी

पोपटवर्गीय पक्ष्याचे पिल्लू घरी आणल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ते चावते, ही नेहमीची तक्रार आहे. त्यावर वेळीच लक्ष दिले नाही तर पुढे पक्ष्याला कोणी हात लावत नाही. तो वर्षानुवर्षे पिंजऱ्यात पडून राहतो किंवा वैतागून सोडून दिला जातो. पिंजऱ्यात वाढलेला पक्षी बाहेर सोडणे म्हणजे त्याला कावळ्यांच्या तोंडी देणेच आहे.

सुरुवातीला एक गोष्ट स्पष्ट असावी. आपल्या शिवारातील गळ्यात कंठ असलेला हिरवा पोपट वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ नुसार संरक्षित आहे. तो पकडणे, विकणे किंवा पाळणे गुन्हा आहे. झाड तोडताना ढोलीतील पिल्ले सापडल्यास घरी न नेता वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवावे. या लेखातील माहिती मूळच्या ऑस्ट्रेलियातील कॉकाटेल या पक्ष्याबाबत आहे (बाजारात याला सर्रास ‘कॉकटेल’ म्हणतात). त्याचे वजन साधारण ८० ते १०० ग्रॅम असते आणि तो १५ ते २० वर्षे जगतो. म्हणजे बैलजोडीपेक्षा जास्त काळ सांभाळायचा पक्षी आहे, हे आणण्यापूर्वीच लक्षात घ्यावे.

पिल्लू का चावते?

पोपटवर्गीय पक्ष्यासाठी चोच हा तिसरा पाय आणि हातही असतो. फांदी धरण्यापूर्वी तो ती चोचीने चाचपून पाहतो. आपले बोटही तो असेच तपासतो. असे हलके कुरतडणे म्हणजे चावणे नव्हे. त्या वेळी झटक्यात हात मागे घेतला तर पक्षी घाबरतो आणि पुढच्या वेळी जोरात पकडतो.

खरा चावा बहुतेक वेळा भीतीपोटी असतो. नवी जागा, नवे आवाज, वरून येणारा हात हे सर्व त्याला शिकारी पक्ष्यासारखे वाटते. चावण्यापूर्वी पक्षी इशारा देतो. कॉकाटेलचा तुरा डोक्याला चिकटून मागे जातो, तो फुसकारतो, अंग आक्रसून मागे सरकतो. हा इशारा दिसताच हात तिथेच थांबवावा. इशाऱ्याकडे वारंवार दुर्लक्ष झाले की पक्षी इशारा देणे सोडतो आणि थेट चावतो. ‘अचानक चावला’ असे सांगणाऱ्या बहुतेकांच्या बाबतीत हेच झालेले असते.

पिंजऱ्यात हात घातल्यावरच चावत असेल तर तो आपली जागा राखत आहे असे समजावे. साधारण सहाव्या महिन्याच्या सुमारास पिल्लाची पहिली पिसे झडून नवी येतात. नव्या पिसांचे कोंब दुखरे असल्याने त्या काळात अंगाला हात लावणे टाळावे.

सवय कशी लावावी?

पहिले तीन-चार दिवस हाताळू नये. पिंजरा भिंतीला लागून, छातीच्या उंचीवर, घरातील माणसे दिसतील अशा जागी ठेवावा. चुलीजवळ किंवा नॉनस्टिक भांडी वापरतात त्या स्वयंपाकघरात ठेवू नये; अशी भांडी जास्त तापल्यास त्यांचा धूर पक्ष्यांना मारक ठरतो. रात्री १० ते १२ तास शांत अंधार मिळावा. झोप न झालेला पक्षी चिडचिडा होतो.

त्यानंतर बाजरीचे किंवा राळ्याचे कणीस उपयोगी पडते. प्रथम ते गजांमधून बाहेरूनच धरावे. पक्षी निर्धास्त खाऊ लागला की दारातून, नंतर तळहातावर ठेवून द्यावे. पुढे बोट आडवे धरून पायांच्या वर, पोटाच्या खालच्या भागाला हलके टेकवावे. पक्षी आपोआप बोटावर चढतो. दिवसातून दोन-तीन वेळा पाच ते दहा मिनिटे पुरेशी आहेत. काही पिल्ले आठवड्यात हातावर येतात, काहींना दोन महिने लागतात. घाई केली की मागे जावे लागते.

कणीस फवारणी न केलेल्या प्लॉटमधीलच असावे. बीजप्रक्रिया केलेले बियाणे उरले म्हणून पक्ष्याला कधीही घालू नये. धान्यात कीडनाशक गोळ्या ठेवलेल्या खोलीत पिंजरा ठेवू नये. त्यातून निघणारा वायू माणसालाही घातक असतो, तिथे ९० ग्रॅमच्या जिवाचे काय?

चावल्यावर काय करावे?

ओरडू नये, चोचीवर टिचकी मारू नये, फुंकर घालू नये. ओरडणे काही पिल्लांना खेळ वाटतो, तर मारल्याने भीती पक्की होते. हात शक्य तितका स्थिर ठेवून पक्ष्याला जवळच्या दांडीवर उतरवावे, दहा-पंधरा सेकंद पाठ फिरवावी आणि मग सोप्या टप्प्यापासून पुन्हा सुरू करावे. प्रत्येक चाव्यानंतर पिंजऱ्यात टाकल्यास, ज्याला पिंजऱ्यात जायचेच आहे तो चावून मागणी करायला शिकतो. कुरतडण्याची हौस भागवण्यासाठी पेरूची फवारणी न केलेली फांदी, ज्वारीच्या धाटाचा तुकडा किंवा दाणे काढलेले मक्याचे कणीस द्यावे.

जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावी. पक्ष्यांपासून रेबीज होत नाही. मात्र जखम खोल असल्यास धनुर्वाताच्या इंजेक्शनबाबत डॉक्टरांना विचारावे. पक्षी हाताळणाऱ्यास ताप आणि कोरडा खोकला आल्यास घरात पोपट असल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण सिटॅकोसिस हा आजार या पक्ष्यांपासून माणसाला होऊ शकतो.

हातावर रुळलेला पक्षी एकाएकी चावू लागला तर शिस्तीपेक्षा आजाराचा विचार आधी करावा. पिसे फुगवून बसणे, श्वासासोबत शेपटी वरखाली होणे, विष्ठेत बदल दिसल्यास त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवावे. कोंबड्यांचे औषध अंदाजाने पाण्यात टाकू नये. मात्रा पक्ष्याचे वजन करूनच ठरवावी लागते.

पिल्लू खरेदी करताना ते स्वतः दाणे फोडून खाते का, हे दुकानात उभे राहून पाहावे. कॉकाटेलची पिल्ले साधारण आठ ते दहा आठवड्यांत स्वतः खाऊ लागतात. ‘हाताने भरवले की लळा लागतो’ असे सांगून त्याआधीच विकलेली पिल्ले नवख्या माणसाच्या हातून ठसका लागून किंवा अन्न पोटाच्या पिशवीत आंबून दगावतात.