फ्रँकलिन मोहिमेचे अवशेष

आर्क्टिकमधून पॅसिफिककडे जाणारी वाट शोधण्यासाठी सर जॉन फ्रँकलिन 1845 मध्ये ‘एरेबस’ व ‘टेरर’ जहाजे घेऊन निघाले. त्या मोहिमेतले 129 जण परतले नाहीत. 1854 मध्ये शोधप्रवासी जॉन रे यांनी तिथल्या इन्यूइट लोकांकडून मोहिमेतल्या लोकांचे चांदीचे चमचे-काटे विकत घेतले. आर्क्टिकमधल्या किंग विल्यम बेटावर 1859 मध्ये पत्र्याच्या नळीत एक कागद सापडला: मजकूर सारे कुशल असल्याचा, समासात वर्षभराने लिहिलेली फ्रँकलिनच्या मृत्यूची नोंद. त्याच बेटावर घसरगाडीवरच्या होडीत दोन सांगाडे, चहा, चॉकलेट. शिवाय रेशमी रुमाल आणि साबणही! उपासमारीच्या वाटेवर हे ओझे कशाला, हे कोडेच. जहाजे मात्र 2014 व 2016 मध्ये समुद्रतळाशी सापडली.