लाहैनाचा वड आणि बुजवलेलं तळं

हवाईतल्या माउई बेटावरचं लाहैना हे छोटं किनारी गाव तिथल्या एका वडामुळे माझ्या लक्षात राहिलं. हा वड मूळचा आपल्याकडचा. २४ एप्रिल १८७३ रोजी, ख्रिस्ती मिशन तिथे आल्याला ५० वर्षं झाली म्हणून भारतातून आणलेलं आठ फुटांचं रोप कोर्टासमोर लावलं. पुढे पारंब्यांचे खोड होऊन त्याने अर्ध्या एकराहून जास्त जागा व्यापली होती. पर्यटक त्याच्या सावलीत बसायचे, फोटो काढायचे, पुढे निघायचे.

पण या गावाचा खरा इतिहास पाण्याचा आहे. १८४५ पर्यंत लाहैना हवाईच्या राज्याची राजधानी होती. गावात मोकुहिनिया नावाचं तळं होतं आणि त्यातल्या मोकुउला बेटावर राजा तिसरा कामेहामेहा राहायचा. आसपास ओढे, अळूची खाचरं. व्हेल मारणारी शेकडो जहाजं पाणी-भाजीपाला भरून घ्यायला इथेच नांगर टाकायची.

मग १८६० च्या दशकात उसाचे मळे आले. डोंगरातून येणारे ओढे कालव्यांनी मळ्यांकडे वळवले. वाहतं पाणी तुटलं, तळ्यात डास झाले, आणि १९१४ च्या सुमारास ते चक्क बुजवून टाकलं. वर काय केलं? बेसबॉलचं मैदान! राजाचं घर मातीखाली गेलं.

१९९९ मध्ये साखर कारखानाही बंद पडला. मळे ओस पडले, त्यात बाहेरून आलेलं गवत माजलं. ८ ऑगस्ट २०२३ ला सोसाट्याचा वारा सुटला, विजेच्या तारा तुटल्या आणि वाळलेल्या गवताने पेट घेतला. धोक्याचे भोंगे वाजलेच नाहीत. १०२ माणसं गेली. याला निव्वळ नैसर्गिक आपत्ती म्हणायला माझं मन धजत नाही.

वडही होरपळला. लोकांनी टँकरने पाणी घातलं, आणि काही आठवड्यांतच त्याला नवी पालवी फुटली. जगभर त्या पालवीचे फोटो फिरले. मलाही आनंद झालाच. पण झाड जगवायला जे पाणी टँकरने आणावं लागलं, ते कधीकाळी त्याच गावातून आपसूक वाहत होतं.

तळी बुजवणाऱ्यांना लगेच काही भोगावं लागत नाही, मंडळी. हिशेब शंभर वर्षांनी येतो, आणि तो भलतेच लोक चुकते करतात.