इलियट शिलालेख-संग्रह

सर वॉल्टर इलियट (१८०३–१८८७) या मद्रास सनदी सेवेतील स्कॉटिश अधिकाऱ्याने जमवलेल्या ५९५ कोरीव लेखांच्या नकलांचा संग्रह. १८२४ च्या कित्तूर उठावात इलियट कैदेत पडला होता. पुढे दक्षिण मराठा मुलखात, धारवाडला नोकरी करताना त्याने देवळांतील शिलालेख व ताम्रपट स्थानिक जाणकारांकडून वाचवून उतरवून घेतले. या नकला दोन हस्तलिखित खंडांत आहेत. त्यावर आधारित निबंध लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात १८३७ मध्ये आला. कल्याणीचे चालुक्य, कलचुरी, देवगिरीचे यादव व होयसळ यांचा राजक्रम त्यात लेखांच्या आधारे मांडला आहे.

धाराशिव जिल्ह्याशी या संग्रहाचा संबंध या राजवंशांमुळे येतो. चालुक्यांची राजधानी कल्याणी (आजचे बसवकल्याण) या जिल्ह्यातील उमरग्यापासून जवळच. धाराशिवचा प्रदेश आधी चालुक्यांच्या व नंतर यादवांच्या सत्तेखाली होता.

नकला हाताने उतरवलेल्या असल्याने पाठ सर्वत्र भरवशाचे नाहीत. त्यांचा उपयोग करणारा मुंबई इलाख्यातील अधिकारी जे. एफ. फ्लीट मूळ दगडावरून पुन्हा वाचन करण्याबाबत आग्रही असे, आणि ते योग्यच होते. याच फ्लीटने १९०१ मध्ये प्राचीन तगर म्हणजे धाराशिवजवळचे तेर, हे मत मांडले. याच तगराच्या नावाने शिलाहार राजे आपल्या लेखांत ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद मिरवीत.