बोंब, बंब आणि बोंबील

आजच्या भागात राजा नाही आणि लढाईही नाही. फक्त दोन अक्षरं आहेत: बोंब.

बोरघाट उतरलात की खोपोली, आणि खोपोलीला लागूनच साजगाव. तिथल्या विठ्ठल मंदिराला धाकटी पंढरी म्हणतात. कार्तिकी एकादशीपासून मोठी यात्रा भरते. पण आपल्या कर्जत-खालापूर पट्ट्यात लोकांच्या तोंडी या यात्रेचं नाव वेगळंच आहे. बोंबल्या विठोबाची यात्रा!

देवाला असलं नाव का पडावं? एक गोष्ट सांगतात ती अशी. तुकाराम महाराज देहूहून घाट उतरून इथे मिरच्या विकायला आले. कोणीतरी माल घेतला आणि पैसे बुडवले. तेव्हा महाराजांनी विठोबाच्या नावाने बोंब ठोकली आणि देव धावून आला. दुसरं उत्तर थेट बाजारातलं आहे. यात्रेत सुकी मासळी जोरात विकली जाते, म्हणून बोंबलांचा तो बोंबल्या. एकादशीचा उपवास आणि सुके बोंबील एकाच यात्रेत, हे मला तरी फार आवडतं.

मिरचीची गोष्ट लोककथा आहे, पण तिच्यातली बोंब अस्सल आहे. पालथा हात तोंडावर आपटत ओरडायचं, ती बोंब. आता ती होळीपुरतीच उरली आहे. पण ज्याच्या हातात ना वजन ना ओळख, त्याने फसवल्यावर करायचं काय? चारचौघांत ओरडून सांगायचं. म्हणून तर आपण अजून ‘पाण्याची बोंब आहे’ म्हणतो. म्हणजे पाणी नाही आणि तक्रार आहे, दोन्ही एका शब्दात. ‘चोराच्या उलट्या बोंबा’ हीसुद्धा त्यातलीच. बोंब मारायचा हक्क लुटलेल्याचा, आणि मारतोय चोर!

आता खरी गंमत. बोंब आणि बॉम्ब एकच का? व्हॉट्सअ‍ॅपवर फिरेल असा हा प्रश्न आहे. उत्तर आहे, नाही. इंग्रजीतला बॉम्ब फ्रेंच-इटालियनमार्गे आला. त्याच्या मागे लॅटिन ‘बोम्बुस’ आणि त्याच्याही मागे ग्रीक ‘बोम्बोस’. अर्थ काय, तर घुमणारा आवाज, गुणगुण. म्हणूनच त्या केसाळ, गुबगुबीत भुंग्यांच्या कुळाचं शास्त्रीय नाव आजही ‘बोम्बुस’ आहे. एकाच शब्दातून भुंगाही निघाला आणि स्फोटही.

आमच्या कोडिंगच्या भाषेत सांगायचं तर दोन फायलींचं नाव सारखं असलं म्हणून आतला मजकूर सारखा नसतो. मोठा आवाज काढायचा तर माणूस ओठ मिटून ‘ब’पासूनच सुरू करणार. ग्रीक काय आणि साजगावकर काय, ओठ सगळ्यांना दोनच. शब्दांचं नातं लावताना नुसता उच्चार बघून भागत नाही. तो कुठून, कोणाबरोबर आला ती वाट सापडावी लागते.

आणि अशी वाट एका शब्दाची सापडते. तो म्हणजे बंब. आगीचा बंब, न्हाणीघरातला तांब्याचा बंब, कोल्हापूरकरांचा ‘बंबात जाळ’वाला बंब, सगळे एकच. हा पोर्तुगीज ‘बोम्बा’. पोर्तुगीजमध्ये बोम्बा म्हणजे स्फोटाचा बॉम्ब आणि बोम्बा म्हणजेच पाण्याचा पंपही. आग लावणारा तोच, विझवणारा तोच. त्यांच्याकडे अग्निशमन जवानाला ‘बोम्बेइरो’, म्हणजे पंपवाला, म्हणतात. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतलं आणि पुढच्याच वर्षी मलाक्का. त्यामुळे मलेशियात आजही अग्निशमन दलाचं सरकारी नाव ‘बोम्बा’ आहे. तिथे रस्त्यावर लाल गाडीवर हा शब्द दिसला तर घाबरू नका, तो आपल्या बंबाचा सख्खा भाऊ आहे. आणि हो, साजगावच्या गोष्टीतली ती मिरचीसुद्धा मूळ अमेरिकेची, भारतात आली ती पोर्तुगीजांबरोबरच.

राहिला बोंबील. इंग्रजीत त्याला ‘बॉम्बे डक’ का म्हणतात? रेल्वेच्या डाकगाडीला, ‘बॉम्बे डाक’ला, सुक्या बोंबलाचा वास यायचा म्हणून, असं सगळेच सांगतात. ऐकायला झकास, पण तारखा जमत नाहीत. आपली पहिली प्रवासी रेल्वे धावली १८५३ मध्ये. मुंबईकडच्या इंग्रजांना चेष्टेत ‘डक’ म्हटल्याचा दाखला ‘हॉब्सन-जॉब्सन’ या जुन्या अँग्लो-इंडियन कोशात आहे, आणि तो १८०३ चा. तो कोशच म्हणतो की हे टोपणनाव बहुधा माशावरून पडलं. म्हणजे गाडी रुळावर यायच्या पन्नास वर्षं आधी ‘डक’ पोहोचलं होतं.

मग बोंबल्या विठोबातला बोंबल्या आरोळीचा की मासळीचा? मला विचाराल तर निवाडा करायची घाईच नको. नुसतं ‘धाकटी पंढरी’ म्हटलं की नाव सोवळ्यातलं होतं, पण सुकी मासळी विकणाऱ्या बायका आणि पैसे बुडालेला तो मिरचीवाला, दोघंही त्यातून गळतात. ‘बोंबल्या’त दोघांना जागा आहे. देवाला तर चाललंय.

तुमच्या गावात कुठल्या देवाचं असं बाजारातलं नाव आहे? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो.